दोरापासून लांब उभे राहा

गाडी चिखलात रुतलेली असते. विंचचा, म्हणजे गाडीला बसवलेल्या दोर ओढणाऱ्या यंत्राचा, दोर झाडाला बांधून होतो, रिमोटचं बटण दाबलं की दोर जमिनीवरून उचलला जातो आणि ताठ होतो. नेमक्या त्याच क्षणी आजूबाजूची माणसं पुढे सरकतात. तोवर ती गडग्यावर बसलेली असतात, छत्री धरून लांब उभी असतात. दोर ताठ झाला की जवळ येतात. एक जण दोरावर हात ठेवून ‘बसला बरोबर’ म्हणून सांगतो. दुसऱ्याला पलीकडच्या माणसाशी बोलायचं असतं, तो दोर ओलांडून जातो. तिसरा मोबाइल काढून दोराच्या सरळ रेषेत उभा राहतो, कारण व्हिडिओ तिथून चांगला येतो. मला याचा मनापासून राग येतो.

पोलादी तार ताणली जाते ती थोडीच, पण दोन-तीन टनांच्या ओढीखाली तेवढंही पुरतं. हूक निसटला, झाडाचा पट्टा फाटला किंवा तारच तुटली, तर सुटलेलं टोक ज्या रेषेत ताणलेलं होतं त्याच रेषेत परत येतं, आणि बऱ्याचदा त्या टोकाला लोखंडी हूक असतो. म्हणून दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट, जुनी जाड सतरंजी किंवा त्यासाठी मिळणारा वजनदार पट्टा टाकायचा असतो, म्हणजे तार सुटलीच तर वजनाने खाली बसते. माणसांनी दोराच्या लांबीहून जास्त अंतरावर, बाजूला उभं राहायचं. कप्पी लावलेली असेल तर दोर तिथे वळतो आणि त्याचा कोन होतो. त्या कोनाच्या आतली जागा सगळ्यांत वाईट, कारण कप्पी सुटली तर तिथेच येऊन आदळते. आणि रस्त्याकडेला गाडी रुतली असली तर लोक त्या कोनातच जमतात, रस्ता तिथे असतो म्हणून.

“काका, जरा दोरापासून बाजूला व्हा.”

“होतोय रे, तू खेच.”

काका होत नाहीत. वडीलधाऱ्या माणसाला गावात एकच गोष्ट चढ्या आवाजात दोनदा सांगता येत नाही. मग मी बटण सोडून उभा राहतो. खेचणं थांबतं, सगळे विचारतात काय झालं, आणि त्या गडबडीत काका आपोआप हलतात. ही रीत चालते, पण दर वेळी तीच करावी लागते. गोणपाट तर कुणीतरी चांगल्या मनाने उचलून बाजूला ठेवतंच, दोराला अडकतंय असं वाटून. या माणसांचं प्रेम खरं असतं. पाऊस अंगावर घेऊन ती मदतीला आलेली असतात, चाकाखाली दगड लावतात, वर चहाही पाजतात. त्यांच्यापैकी कुणाच्या पायावर तार बसावी, ही कल्पनाच मला सहन होत नाही, म्हणून हा राग.

विंच मला हवीशी वाटली ती ३ जून २०२० नंतर. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडाकडे माड, सुपारी, आंबा, फणस असे आडवे झाले की वाडीवाडीचे रस्ते बंद पडले. कोयते, करवती, दोरखंड आणि माणसांचे हात यांवर सगळं हटवलं गेलं. अशा वेळी गाडीच्या पुढे तीन-चार टन ओढणारं यंत्र असेल, तर कापलेला ओंडका बाजूला घ्यायला दहा माणसं लागत नाहीत. वादळ सोडलं तरी पाऊस आहेच. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. सड्यावरच्या कातळावर गाडी रुतत नाही. रुतते ती सड्याखाली उतरणाऱ्या पाणंदीत, पऱ्याच्या काठाला, कलमांच्या बागेत, जिथे जांभ्याची माती लोण्यासारखी सुटते. खताच्या गोणी घेऊन गेलेली पिकअप पहिल्या पावसात अडकते आणि फोन येतो.

विंच घ्यायला गेलो की पहिला त्रास सुरू होतो तो पौंडांचा. गाडीला लावायची विजेवरची विंच अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये आणली. तिथून ही सगळी मापं पौंडांत आणि फुटांत चालत आली आहेत, आणि आपल्या बाजारातली यंत्रंही त्याच आकड्यांनी ओळखली जातात. ८,००० पौंड म्हणजे सुमारे ३,६०० किलो, ९,५०० म्हणजे सुमारे ४,३०० किलो. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी विंच हवी, हा हिशेब सोपा आहे. पण तो किलोंत मांडल्याशिवाय आपल्याकडच्या माणसाला कळत नाही आणि डब्यावर किलो बारीक अक्षरात असतात.

खरी खटकणारी गोष्ट पुढे आहे. डब्यावरचा तो मोठा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाचा असतो. दोराचे थर एकावर एक चढले की ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरापर्यंत ती मूळ आकड्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे अडकलेली गाडी पाच-सात मीटरवर असेल, दोर थोडाच सोडलेला असेल, तेव्हा विंच सगळ्यांत दुबळी असते. बघणाऱ्याला वाटतं गाडी जवळ आहे, म्हणजे काम सोपं. प्रत्यक्षात दोर लांब सोडून, कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीच्या हूकला आणावा लागतो. मग ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. हे दुकानात कुणी सांगत नाही. कप्पी स्वतंत्र विकत घ्यावी लागते, झाडाचा रुंद पट्टा स्वतंत्र, शॅकल स्वतंत्र, चामड्याचे हातमोजे स्वतंत्र. या चार वस्तूंशिवाय विंच वापरणं धोक्याचं असताना त्या ‘हव्या असतील तर’ या सदरात का विकल्या जातात, याचं उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

दोर कारखान्यातून ड्रमवर गुंडाळून येतो, पण सैल. पहिल्या वापराआधी तो जवळजवळ सगळा सोडून, ड्रमवर पाच वेढे राखून, भाराखाली परत गुंडाळायचा असतो. गाडी सपाट किंवा हलक्या चढाच्या रस्त्यावर उभी करायची, दोर समोरच्या झाडाला बांधायचा, गाडीत एकाने ब्रेकवर हलका पाय ठेवायचा आणि गाडीला स्वतःलाच ओढत न्यायचं. असं केलं नाही तर पतंगाच्या फिरकीवरचा सैल मांजा जसा आतल्या थरात रुततो तसा वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो, तार चेपते आणि ऐन कामाच्या वेळी दोर सुटत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. बसवून देणाऱ्याने गाडी हातात देण्याआधी ते गिऱ्हाइकासमोर करावं. पैसे बसवण्याचे घेतले जातात आणि ही गोष्ट बसवण्यातच येते.

विजेच्या बाबतीत माझी तक्रार विंचबद्दल नाही, घाईबद्दल आहे. पूर्ण भाराखाली अशी विंच ४०० अँपिअरच्या आसपास वीज खेचते. गाडीचा अल्टरनेटर त्यातली चौथाई वगैरे देऊ शकतो, बाकीची सगळी बॅटरीतून जाते. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, मिनिटभर खेचायचं, थांबायचं, मोटरवर हात ठेवून बघायचं, मग पुन्हा. पूर्ण भार असताना दोर मिनिटाला मीटर-दीड मीटर सरकतो. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही गाड्यांची स्पर्धा होते, तिचे तुकडे लोकांनी मोबाइलवर पाहिलेले असतात. ‘त्यात तर भराभर वर येतात’ असं मला ऐकवलं जातं. त्या गाड्या आणि ती यंत्रं त्याच कामासाठी बांधलेली असतात आणि दोर बांधणाऱ्या सहचालकाचं तेच काम असतं. पाणंदीत तसं करायला गेलं तर आधी मोटर तापते, नंतर बॅटरी बसते, आणि मग दोन गाड्या अडकतात.

दोर कशाला बांधायचा, हा वाद प्रत्येक वेळी होतो. विजेचा खांब सगळ्यांना आधी दिसतो. खांबाला बांधायचं नाही, कितीही जवळ असला तरी. जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा नुसता रचलेला असतो, एका झटक्यात सुटतो. माड दिसायला बळकट, पण त्याची मुळं तंतूंसारखी आणि वरवरची. पावसाने जमीन भिजलेली असताना त्यावर भरवसा ठेवू नये, आणि दुसरं काहीच नसेल तर अगदी बुंध्याशी बांधावं. ऐन किंवा जुना रायवळ आंबा मिळाला तर उत्तम. हापूसच्या कलमाला मात्र मालकाला विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही. इथे मी मालकाच्या पूर्ण बाजूने आहे. तार थेट खोडाला गुंडाळली की साल चिरते, आणि साल सगळीकडून चिरली की झाड मरतं. कलम उभं करायला आणि धरायला किती वर्षं जातात ते बागायतदाराला विचारा. रुंद पट्टा असतो तो याचसाठी. तरी पट्टा काढून बांधेपर्यंत दम धरणारी माणसं कमी, आणि ‘घाल रे तशीच तार’ म्हणणारी जास्त.

आता खाऱ्या वाऱ्याकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त वेळ तोच खातो. निसर्ग वादळातच बसरा स्टार नावाचं जहाज रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बंधाऱ्याशी येऊन रुतलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिलं. समुद्राची हवा लोखंडाचं काय करते, ते रत्नागिरीकरांनी येता-जाता डोळ्यांनी पाहिलं. तीच हवा गाडीच्या नाकावर बसवलेल्या विंचला दिवसरात्र लागते. विंचबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत देखभालीची जी मुदत दिलेली असते, ती खाडीवरच्या भाट्याच्या पुलावरून रोज जाणाऱ्या गाडीसाठी लिहिलेली नसते.

पहिला बळी जातो रिमोटच्या प्लगचा. टोपण रबराचं, घट्ट वाटतं. पण पावसाळ्यात दोन-तीन आठवडे उघडलं नाही तर आतल्या पितळी पिनांवर हिरवट भुकटी धरते. चाकूच्या टोकाने खरवडली तर खाली लालसर धातू लागतो. त्यातली एक पिन इतरांपेक्षा आधी खाल्ली जाते, मग विंच दोर सोडते पण ओढत नाही, किंवा ओढते पण थांबत नाही. हा दुसरा प्रकार भयंकर आहे. उपाय साधा आहे: कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, मऊ ब्रश, आणि विजेच्या जोडांसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस. साधं चाकाचं ग्रीस नाही. बॅटरीच्या टर्मिनलना आणि सोलेनॉइडच्या बोल्टांनाही तेच लावायचं. बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये जाड कटआउट स्विच हवाच. त्याने विजेची गळती थांबते, आणि विंच स्वतःहून चालू राहिली तर एका हाताने तोडता येते.

दुसरा बळी क्लचचा. दोर हाताने ओढून काढण्यासाठी ड्रम मोकळा करणारा एक खटका असतो. न फिरवता ठेवला तर तो खाऱ्या हवेत धरतो. मग लोक त्याच्यावर पाना ठोकतात. महिन्यातून एकदा तो फिरवायचा, दोर सगळा बाहेर काढायचा, परत ताणाखाली गुंडाळायचा. विंच वापरात नाही म्हणून ती चांगली राहते, ही समजूत आमच्या किनाऱ्यावर अगदी उलटी आहे.

हे मला मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्या नाखव्यांनी, नीट दाखवलं. ट्रॉलरवर विंच रोज चालते, तार रोज खाऱ्या पाण्यात जाते आणि तरी टिकते, कारण तिच्याकडे रोज बघितलं जातं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर घेतल्या जातात, शाकारल्या जातात आणि तारांना तेल मिळतं. आम्हा गाडीवाल्यांचं काम नेमकं त्या दोन महिन्यांत निघतं. तांडेलांनी एक सुती फडकं घेतलं, तारेभोवती सैल धरलं आणि तार हळूहळू ओढत नेली. एके ठिकाणी फडक्याचा धागा अडकला. तिथे एकच बारीक तार तुटून काट्यासारखी वर आली होती, डोळ्यांना दिसतही नव्हती. “हात फिरवू नको, फडकं फिरव,” इतकंच ते म्हणाले. असे काटे एका वीतभर जागेत बरेच लागायला लागले, तार कुठे पिळली किंवा चेपली गेली, की ती बदलायची. गाठ मारून चालवायची नाही, आणि हूक तारेवरच उलटा अडकवायचा नाही.

तारेऐवजी प्लास्टिकच्या धाग्याचा दोर घ्या म्हणजे कटकट नाही, असंही सांगितलं जातं. तो हलका, गंजत नाही, तुटला तरी तारेइतका उसळत नाही. हे सगळं खरं, आणि नवशिक्याने तोच घ्यावा असं माझं मत आहे. पण कटकट संपत नाही. उन्हाने तो झिजतो, दगडाच्या कडेवर कापला जातो, आणि जांभ्याची बारीक माती त्याच्या पिळात शिरून आतून धागे कुरतडते. बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. भाराखाली दोर सोडत गेलं की तो तापतो आणि आतल्या थरांतला दोर कमजोर होतो. तारेसाठी पुढे लोखंडी रूळ असतात. त्यांना तारेने खरवडलेल्या धारा पडलेल्या असतील तर नवा दोर लावण्याआधी ते काढून गुळगुळीत ॲल्युमिनियमची पट्टी बसवावी लागते. आणि प्रत्येक चिखलानंतर दोर पूर्ण काढून बादलीत धुवावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाड्यांना पुढे लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार देऊन. ते योग्यच होतं, त्या गार्डमुळे पायी चालणारे मरतात. पण विंचसाठीच्या जाड बंपरकडेही नाक्यावर त्याच नजरेने बघितलं जातं, आणि तो बसवून देणारा याबद्दल एक अक्षर बोलत नाही. कंपनीच्या बंपरच्या मागे लपणारी बैठक काही गाड्यांना मिळते. आधी तिचीच चौकशी करावी.

शेवटी पुळण. ज्या हाकेला जावंसं वाटत नाही ती हीच, आणि जावं लागतं. सुट्ट्या लागल्या की बाहेरगावच्या गाड्या वाळूवर उतरतात. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ती घरटी जपली. त्या वाळूवर गाडी घालायचं काही कारण नाही, चार चाकांची ताकद कुणाला दाखवायची हेही कारण होत नाही. ओहोटीला घट्ट वाटणारी ओली वाळू चाक फिरवलं की खाली बसते. सहा तासांत पाणी वर येतं. किनाऱ्यावर बांधायला सुरूची झाडं असतात, पण दोराच्या टप्प्याबाहेर. मग फावड्याने खड्डा खणून स्टेपनी पुरायची आणि तिला दोर बांधायचा. गाडी निघाली की मंडळी निघून जातात. माझ्या गाडीचा दोर, रूळ, हूक, प्लग सगळं खाऱ्या वाळूने भरलेलं असतं आणि ते गोड्या पाण्याने लगेच धुवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे विहिरी तळाला गेलेल्या असतात, काही वाड्यांत टँकर येतो. त्या दिवसांत चार बादल्या पाणी दोरावर ओतताना घरातल्या माणसांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

तेव्हा फोन करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. आधी टायरमधली हवा काढा, १५ ते १८ पौंडांपर्यंत आणा, चाकांसमोरची वाळू हाताने सपाट करा आणि एकदा हळू प्रयत्न करून बघा. निम्म्याहून अधिक गाड्या एवढ्यानेच निघतात. निघाली नाही तर फोनवर तीन गोष्टी सांगा: चाक कुठवर गेलं आहे, जवळचं झाड किती पावलांवर आहे आणि भरती कधी आहे. त्यावरून कळतं की नुसतं फावडं घेऊन यायचं की कप्पी आणि लांबीचा जादा पट्टाही. येताना धुण्यासाठी पाण्याचा कॅन तुम्ही आणा. आणि मी पोचायच्या आत मुलांना गाडीपासून दूर, बाजूला, सुरूच्या बनात नेऊन बसवा.